बाईच्या पोटात आतडंही असतं

मैत्रिणींनो,

मागच्या अंकातला रक्तक्षयावरचा लेख मी दोनदा वाचला. लेख मन लावून लिहिलेला आहे. बाई घरात शेवटी जेवते, उरलंसुरलं जेवते, बाळंतपणात आणि पाळीत तिचं रक्त जातं, म्हणून तिच्या अंगात रक्त कमी असतं, हे सगळं त्यात आहे. पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढई, जेवणावर लिंबू पिळणं, जेवल्यावर लगेच चहा न पिणं, हेही आहे. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. तरीही लेख संपला तेव्हा मला राग आला. तो तुमच्यावर जितका होता तितकाच माझ्यावरही होता. कारण हाच लेख मी पंचवीस वर्षं शिबिरांतून तोंडी सांगत आले आहे, आणि त्यात जे सांगायचं राहिलं त्यापायी माझा जीव जाता जाता राहिला.

काय राहिलं ते सांगण्याआधी माझी हकीकत थोडक्यात सांगते.

२०१६ साली मी एकावन्न वर्षांची होते. जिना चढताना धाप लागायला लागली, मोर्चात मी मागे पडू लागले. हिमोग्लोबिन तपासलं तर ८.२ निघालं. आमच्या भागातल्या डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता सांगितलं, "ताई, वय बघा की तुमचं. पाळी जायची वेळ आहे. बायकांचं रक्त कमीच असतं." लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. थोडं वाढलं, पुन्हा उतरलं. गोळ्या बदलल्या. गोळ्यांनी संडासचा रंग काळा होतो असं त्यांनी सांगितलं होतं आणि ते खरंच आहे. त्यामुळे त्या रंगाकडे वेगळं लक्ष द्यायचं कारणच उरलं नाही.

मग सोनोग्राफी झाली. गर्भाशयात सुपारीएवढी एक गाठ दिसली. "पिशवी काढून टाका, मुलं झाली, आता तिचा उपयोग काय?" दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. ऊठसूट पिशवी काढू नका म्हणून गावोगाव सांगत हिंडणारी मी ऑपरेशनची तारीख घ्यायला निघाले, इतकी मी थकले होते.

त्याआधी रक्त चढवायला हवं म्हणून मला सरकारी रुग्णालयात जावं लागलं. तोवर हिमोग्लोबिन ६.९ वर आलं होतं. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने माझी माहिती लिहून घेतली आणि लिहिता लिहिता थांबून विचारलं, "मावशी, पाळी थांबून आठ महिने झाले म्हणता. मग रक्त जातंय कुठं?"

दीड वर्षात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. तिने शौचाची तपासणी सांगितली. त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. मग दुर्बिणीची तपासणी झाली आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात कर्करोगाची गाठ दिसली. ऑपरेशनमध्ये आतड्याचा उजवा भाग काढला. जवळच्या तीन लसीकाग्रंथींतही रोग पोचला होता, म्हणजे तिसरी अवस्था. पुढे सहा महिने केमोथेरपी झाली. आज मी बरी आहे. गर्भाशयातली गाठ अजून तिथंच आहे आणि तिचा मला काहीही त्रास नाही.

पोट म्हणजे पिशवी?

आता माझं म्हणणं मांडते. आपल्याकडे बाईचं पोट म्हणजे गर्भाशय असं धरून चाललं जातं. पोट दुखलं, पिशवी. कंबर दुखली, पिशवी. रक्त कमी झालं, पाळी. बाईला जठर असतं, यकृत असतं, दीड मीटर लांबीचं मोठं आतडं असतं, हे वैद्यकीय पुस्तकात असेल. पण ती दवाखान्यात शिरली की ते विसरलं जातं. पुरुषाचं हिमोग्लोबिन आठ निघालं तर डॉक्टर दचकतो आणि रक्त कुठं जातंय ते शोधायला लागतो. बाईचं आठ निघालं तर तो गोळ्या लिहून देतो.

याला आकड्यांचा आधार मिळतो, आणि घोटाळा तिथंच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण शंभरात २५ होतं. महाराष्ट्रातल्या बायकांत ते ५४ आहे, आणि चौथ्या फेरीपेक्षा वाढलेलं आहे. १९७० पासून आपल्या देशात लोहाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. निम्म्याहून अधिक बायकांना एखादा आजार असला की तो आजार वाटेनासा होतो, बाईपणाचा भाग वाटायला लागतो. ज्या अन्यायामुळे बायकांचं रक्त कमी आहे, त्याच अन्यायाच्या आडोशाला आतड्यातला कर्करोग लपतो.

वैद्यकशास्त्राला हे माहीत नाही असं मुळीच नाही. पाळी थांबलेल्या बाईत किंवा कोणत्याही वयाच्या पुरुषात लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय आढळला, तर जठर आणि मोठं आतडं दुर्बिणीने तपासावं, असं ब्रिटनमधल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पुस्तकात प्रश्न आहे. आमच्यापर्यंत पोचते ती फक्त गोळी.

आणि आतडं न पाहता पिशवी मात्र काढली जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ साली सरकारनेच पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यांतल्या किती जणींचं दुखणं गर्भाशयाचं होतंच असं नाही, हे कुणी तपासलं? पोटदुखी, कंबरदुखी, अंगावरून जाणं, अशक्तपणा, या सगळ्यांवर एकच ऑपरेशन.

हा रोग वाढतो कसा

आपल्या गटात समजावून सांगता यावं म्हणून हे सोप्या भाषेत लिहिते.

मोठं आतडं पोटाच्या उजव्या बाजूला खालून, अपेंडिक्सपाशी सुरू होतं. वर यकृताखाली जातं, आडवं डावीकडे वळतं, डाव्या बाजूने खाली उतरतं आणि गुदाशयात संपतं. त्याच्या आतल्या अस्तरावर काही माणसांत बारीक मांसाचे कोंब येतात. त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक कोंब निरुपद्रवी राहतात. काही थोडे वाढत वाढत कर्करोगात बदलतात, आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. दहा वर्षं! दुर्बिणीत असा कोंब दिसला तर तो त्याच वेळी काढून टाकता येतो आणि कर्करोग होण्याआधीच थांबतो. इतका वेळ देणारे कर्करोग फार नाहीत.

गाठ कुठं आहे यावर लक्षणं ठरतात. उजवीकडे आतडं रुंद असतं आणि आतला मळ पातळ असतो. तिथं गाठ मोठी झाली तरी वाट अडत नाही. ती नुसती झिरपत राहते, रोज थोडं थोडं रक्त जातं, आणि ते मळात मिसळल्यामुळे दिसत नाही. दिसतो तो फक्त रक्तक्षय, थकवा, धाप. माझं असंच झालं. डावीकडे आतडं अरुंद आणि मळ घट्ट. तिथं गाठ आली की सवयी बदलतात: आज बद्धकोष्ठ, उद्या जुलाब, मळ बारीक होणं, पोट फुगणं, कळा येणं. गुदाशयात गाठ असेल तर लाल रक्त, शेम पडणं, आणि जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही असं वाटत राहणं. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींत उजव्या बाजूच्या गाठींचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं. आपल्याकडे गुदाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं आहे, आणि रुग्ण तिकडच्यापेक्षा तरुण असतात. चाळिशीच्या आतल्या बाईलाही हा रोग होतो.

वय, तंबाखू, दारू, लठ्ठपणा, हालचालीचा अभाव, लाल मांस आणि प्रक्रिया केलेलं मांस यांचा अतिरेक, आतड्याची जुनी सूज आणि घराण्यातला रोग, यांनी धोका वाढतो. घराण्यातल्या रोगाचं मला उशिरा कळलं, ते पुढे सांगते. बाकीच्यांपैकी वय सोडलं तर माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून "तू काय खाल्लंस, काय केलंस," असा जाब रोगी बाईला विचारू नये. तो संसर्गजन्य नाही. तिच्या ताटातलं, तिच्या अंथरुणातलं कुणालाही काही लागत नाही.

२०२२ साली जगभरात सुमारे १९ लाख लोकांना हा रोग झाला आणि नऊ लाखांहून अधिक माणसं त्याने मेली. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की रोग आतड्यापुरता असताना सापडला तर शंभरातले सुमारे नव्वद जण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. तो यकृतात, फुप्फुसांत पसरल्यावर सापडला तर पंधराच्या आसपास. नव्वद आणि पंधरा यांच्यामध्ये जे अंतर आहे ते बऱ्याच अंशी उशिराचं आहे. आपल्याकडे हा उशीर कोण करतं, ते बघू.

उजेड नसलेला संडास

आमच्या गटातली एक मैत्रीण चार घरची धुणीभांडी करायची. वय बेचाळीस. तिला वर्षभर संडासवाटे रक्त जात होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. का? नवऱ्याला सांगणं लाजेचं. मोठ्या मुलीला सांगितलं तर ती घाबरेल. मला सांगितलं नाही, कारण पाळीबद्दल, मारहाणीबद्दल आम्ही मोकळं बोलायचो, पण शौचाबद्दल मी कधी बोललेच नव्हते.

तिला पहिल्यांदा रक्त दिसलं तेही साडीला लागलं म्हणून. तिच्या वस्तीतल्या सार्वजनिक संडासात दिवा नव्हता. बायका पहाटे अंधारात जात, दाराबाहेर रांग, दोन मिनिटांत उठायचं. आपला मळ कसा आहे ते पाहायला उजेड लागतो, कडी लागते आणि थोडा वेळ लागतो. संडासचा प्रश्न आपण अब्रूचा आणि सुरक्षिततेचा म्हणून मांडला, तो बरोबरच होता. तो रोग ओळखण्याचाही प्रश्न आहे, हे मला तिच्यामुळे कळलं.

शेवटी ती एका दवाखान्यात गेली. "रक्त जातंय" म्हणताच तिला मूळव्याधीचं औषध मिळालं. हात लावून तपासणी झाली नाही. ती पुरुष डॉक्टरसमोर लाजली आणि डॉक्टरनेही ती लाज सोयीची मानली. मग एसटी स्टँडजवळच्या 'मूळव्याध-भगंदर, बिगर ऑपरेशन' वाल्याकडे गेली, तिथं पैसे गेले. वर्षाने पोट फुगून, उलट्या होऊन ती रुग्णालयात पोचली, तेव्हा गुदाशयातली वाट जवळजवळ बंद झाली होती. पहिल्याच तपासणीत हातमोजा घातलेलं बोट घालून डॉक्टरांना गाठ लागली. गुदाशयाच्या खालच्या भागातल्या बऱ्याच गाठी अशा बोटाला लागतात. एक मिनिटाची तपासणी आहे, तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. ती वर्षभर झाली नाही.

मूळव्याध अगदी सर्रास असते हे मान्य. रक्त जाणाऱ्या बहुतेक बायकांना कर्करोग नसतोच. पण न तपासता मूळव्याध ठरवणं हे निदान नव्हे.

काय तपासायचं आणि काय विचारायचं

पहिली गोष्ट, डॉक्टरने सगळं विचारायला हवं: रक्त, शौचाच्या सवयीतला बदल, वजन घटणं, घराण्यातले रोग. मग पोट आणि गुदद्वार तपासायला हवं. बाईने स्त्री डॉक्टर किंवा सोबत परिचारिका मागावी. तो तिचा हक्क आहे.

दुसरी, शौचात लपलेल्या रक्ताची तपासणी. लॅबच्या कागदावर 'स्टूल फॉर ऑकल्ट ब्लड' असं लिहिलेलं असतं. ती साधी आणि स्वस्त आहे. हिची ताकद कमी समजू नका. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये ४६ हजारांवर स्त्रीपुरुषांवर वर्षानुवर्षं झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. दरवर्षी ही तपासणी केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू एक तृतीयांशाने घटले होते. मात्र एकदा ती कोरी आली म्हणून लक्षणं असलेल्या बाईला घरी पाठवायचं नसतं. गाठ दरवेळी रक्त सोडतेच असं नाही.

तिसरी आणि खरी तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध भरपूर पाण्यातून प्यावं लागतं. तो दिवस त्रासाचा आहे, आणि ज्या घरात संडास नाही तिथं तो कसा काढायचा हे कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी गुंगी देऊन गुदद्वारातून लवचिक दुर्बीण घालतात आणि पूर्ण आतडं पाहतात. शंका आली तर तुकडा काढून तपासायला देतात. कर्करोग आहे की नाही हे त्या तुकड्यावरून ठरतं. पोटाच्या साध्या सोनोग्राफीत आतड्याचं आतलं अस्तर दिसत नाही, त्यामुळे "सोनोग्राफी नॉर्मल आहे" याने या रोगाबाबत समाधान मानू नका. सीईए नावाची रक्ततपासणी रोग सापडल्यावर पाठपुराव्यासाठी उपयोगी असते, निदानासाठी नाही. निदान पक्कं झाल्यावर रोग किती पसरला आहे ते पाहायला सीटी स्कॅन करतात, आणि गुदाशयाच्या रोगात एमआरआय.

इथं आणखी एक अडचण येते. आपल्याकडच्या सरकारी आरोग्य विमा योजनांचा भर दाखल झाल्यानंतरच्या उपचारांवर आहे. माझं ऑपरेशन योजनेतून झालं, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण ऑपरेशनपर्यंत पोचवणाऱ्या तपासण्यांचे पैसे मीच भरले. रोग सिद्ध करायचा खर्च बाईने करायचा, आणि घरात तिच्या तपासणीसाठी पैसे काढण्याची पाळी सगळ्यांत शेवटी येते. जेवणाच्या रांगेसारखीच.

उपचारात जे सांगत नाहीत

आतड्याच्या कर्करोगावर मुख्य उपचार शस्त्रक्रिया. गाठीसकट आतड्याचा भाग आणि भोवतालच्या लसीकाग्रंथी काढून दोन्ही टोकं जोडतात. ग्रंथींत रोग असेल तर केमोथेरपी देतात. गुदाशयाच्या रोगात अनेकदा आधी किरणोपचार देतात आणि मग शस्त्रक्रिया करतात.

माझ्या केमोत ऑक्झालिप्लॅटिन नावाचं औषध होतं. त्याने थंड वस्तूला हात लागला की बोटांतून झिणझिण्या उठतात, थंड पाणी प्यायलं तर घसा आवळतो. डॉक्टर म्हणाले, "थंडपासून जपा." पण भांडी थंड पाण्यातच घासायची असतात, धुणं थंड पाण्यातच पिळायचं असतं. केमो घेणारी बाई घरात आल्यावर ते कोण करणार, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. माझ्या घरात ते नवऱ्याने केलं. वॉर्डातल्या माझ्या शेजारणीचं तिच्या सासूने "आठ दिवस" केलं आणि मग तिला माहेरी धाडलं. त्याच वॉर्डाच्या पुरुषांच्या बाजूला प्रत्येक खाटेपाशी एक बायको बसलेली असायची.

ओटीपोटावर किरण घेतल्यावर तरुण बाईची पाळी कायमची जाऊ शकते, मूल होण्याची शक्यता संपू शकते, योनिमार्ग आखडतो आणि संबंध दुखरे होतात. यावर उपाय आहेत, पण ते आधी बोलायला हवेत. ऑपरेशनने पुरुषत्वावर काय परिणाम होईल हे पुरुष रुग्णांना सांगताना मी स्वतः ऐकलं आहे. माझ्या त्या बेचाळीस वर्षांच्या मैत्रिणीला कुणी काही सांगितलं नाही. तिने विचारलं असतं तर? तिला विचारायला शब्दच नव्हते, ते शब्द देणं आपलं काम होतं.

तिच्या पोटावर शौचाची वाट काढली आणि तिथं पिशवी लावली. डॉक्टर 'स्टोमा' म्हणतात. काहींना ती काही महिन्यांपुरती असते, तिला कायमची आहे. तिने नवऱ्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला झोपायला सांगितलं, त्याने सांगायच्या आत. देवळात जाणं सोडलं, हळदीकुंकवाला जाणं सोडलं. पिशव्यांचा खर्च दर महिन्याचा आहे आणि पैसे संपले की ती तीच पिशवी धुऊन पुन्हा लावते. सार्वजनिक संडासात पिशवी कुठं रिकामी करायची, हा तिचा रोजचा प्रश्न आहे. विटाळाविरुद्ध आपण पाळीच्या संदर्भात इतकं बोललो; पोटावर शौचाची पिशवी घेऊन जगणाऱ्या बाईचा विटाळ आपल्या यादीत कधी आला नाही. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया नावाची संस्था अशा रुग्णांना मदत करते. तिचं नाव मला रुग्णालयात कुणी सांगितलं नव्हतं, एका रुग्ण बाईने सांगितलं.

माहेरचा इतिहास

१८९५ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या डॉक्टरच्या घरी कपडे शिवणारी एक बाई येत असे. ती एकदा म्हणाली, माझ्या घराण्यात बरेच जण आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने मरतात, मीही तशीच मरणार. डॉक्टरने तिचं ऐकून घेतलं, घराण्याची माहिती जमवली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. ती शिवणकाम करणारी बाई खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. पुढे १९६६ साली हेन्री लिंच यांनी अशाच कुटुंबांवर लिहिलं, आणि आज या आनुवंशिक दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. आतड्याच्या कर्करोगाच्या शंभरातल्या साधारण तीन रुग्णांत तो असतो. दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. नाव डॉक्टरांचं राहिलं. ओळखलं होतं त्या बाईने.

मी हे सांगते कारण आपल्या बायकांचं हे ज्ञान लग्नात तुटतं. सासरी आलेल्या बाईला तिच्या माहेरचे रोग कुणी विचारत नाही. माझी मावशी 'पोटात पाणी होऊन' गेली, आजी 'अंगावरून जाऊन' गेली, एवढंच मला माहीत होतं. माझं निदान झाल्यावर मी मामाकडे जाऊन बसले आणि एकेकाचं विचारून कागदावर लिहिलं. मावशीला आतड्याची गाठ होती हे तेव्हा कळलं. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा रोग झाला असेल, तर आपली तपासणी लवकर सुरू करावी लागते. माझ्या मुलीला आणि मुलालाही मी हे सांगितलं आहे.

चळवळीशी भांडण

आता आपल्याशी. आपण गर्भजल तपासणीविरुद्ध लढलो आणि १९८८ साली महाराष्ट्रात कायदा झाला. १९९४ साली शिरूरच्या वसतिगृहातल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं काढली तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. लादलेल्या गर्भनिरोधकांविरुद्ध आपण कोर्टात गेलो. हे सगळं करायलाच हवं होतं. सरकारने बाईला गर्भाशयापुरतं पाहिलं, म्हणून आपल्याला गर्भाशयावरच लढावं लागलं. पण लढता लढता आपलीही नजर तिथंच अडकली. 'आपलं शरीर ओळखा' या सत्राचा आपला तक्ता आठवा: गर्भाशय, बीजांडं, बीजनलिका, योनिमार्ग. आतडं कुठं आहे? मी तो तक्ता शेकडो वेळा भिंतीवर लावला आहे.

काही मैत्रिणी म्हणतील, हा श्रीमंत देशांचा रोग आहे, आपल्याकडे स्तन आणि गर्भाशयमुखाचे कर्करोग कितीतरी जास्त. बरोबर आहे. २०१६ साली केंद्र सरकारने तिशीपुढच्यांच्या तपासणीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हेच तीन कर्करोग आहेत, आणि त्या क्रमवारीशी माझं भांडण नाही. अमेरिकेत २०२१ पासून पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांची आतड्याची तपासणी सांगितली जाते. ती जशीच्या तशी इथं आणा असं मी म्हणत नाही. लक्षण घेऊन दारात आलेल्या बाईला तपासा, एवढंच म्हणते आहे. ती आलेली असते. तिला परत पाठवलं जातं.

दुसऱ्या म्हणतील, बायकांना घाबरवू नकोस. माझी मैत्रीण घाबरली नाही, तिला माहीतच नव्हतं. भीती तिला नंतर आली, आणि तेव्हा करण्यासारखं फार कमी उरलं होतं.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

सरकारकडे: चाळिशीपुढच्या किंवा पाळी थांबलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी निघालं, किंवा गोळ्या घेऊनही वाढलं नाही, तर 'रक्त कुठं जातंय' हे शोधणं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरवर बंधनकारक करा. शौचातल्या रक्ताची तपासणी ग्रामीण रुग्णालयात मोफत मिळू द्या. जिल्हा रुग्णालयात कोलोनोस्कोपी सुरू करा, आणि निदानाचा खर्च योजनेत घ्या. स्टोमाच्या पिशव्या मोफत द्या.

डॉक्टरांकडे: संडासवाटे रक्त म्हणणाऱ्या बाईला हात लावून तपासल्याशिवाय मूळव्याधीचं औषध लिहू नका. पिशवी काढा म्हणण्याआधी आतड्याचा विचार केला का, हे तिच्या कागदावर लिहा.

आणि आपल्याकडे: गटाच्या बैठकीत शौचाबद्दल बोला. तीन आठवड्यांहून जास्त काळ सवय बदललेली असेल, रक्त दिसत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, तर तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा आणि तपासणी झाल्याशिवाय परत येऊ नका. माहेरचे रोग वहीत लिहून ठेवा. संडासच्या मोर्चात दिव्याची मागणी घाला.

पुढच्या महिन्यात आमच्या तालुक्यात तीन दिवसांचं शिबिर आहे. जुना तक्ता मी खाली उतरवला आहे. आमच्यातल्या एका शिक्षिकेने नवा काढला: गर्भाशय त्याच्या जागी, आणि त्याच्याभोवती उजवीकडून डावीकडे तपकिरी रंगाचं मोठं आतडं. संपादक मंडळाला माझी विनंती आहे की पुढच्या अंकात तो मधल्या पानावर छापावा. आणि मागच्या अंकातल्या लेखाला एक ओळ जोडावी: गोळी घेण्याआधी विचारा, रक्त जातंय कुठं?

– तुमचीच एक कार्यकर्ती